चेंबरखालचे कव्हर लावावे की गच्चीवर ठेवावे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे गाडीच्या एकाच भागाविषयी आहेत : चेंबरखालच्या, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्याखालच्या कव्हरविषयी. हा भाग मालकाला सहसा दिसत नाही आणि मेस्त्रीला तो नकोसा वाटतो. त्यामुळे या अंकातील सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : मी फुलेवाडीत राहतो आणि नोकरीसाठी आठवड्यातून पाच दिवस गगनबावडा रस्त्याने कळ्यापर्यंत ये-जा करतो. माझी पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी 7 वर्षांची आहे. गेल्या महिन्यात इंजिन ऑइल बदलून घेतले, तेव्हा मेस्त्रींनी इंजिनखालचे काळे प्लॅस्टिकचे कव्हर पुन्हा न लावता डिकीत ठेवून दिले. ‘हे नसले म्हणून काही अडत नाही. दरवेळी काढण्याघालण्यात अर्धा तास जातो, आणि खालून उघडे असले की गळती लगेच दिसते,’ असे त्यांचे म्हणणे पडले. माझे मेहुणे मात्र ते आठ दिवसांत लावून घ्या म्हणून मागे लागले आहेत. कव्हर सध्या गच्चीवर कुंड्यांमागे पडून आहे. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, फुलेवाडी

उत्तर : कव्हर खाली आणा, धुवा आणि लावून घ्या. मेहुण्यांचे म्हणणे बरोबर आहे. तरीही मेस्त्री खोटे बोलले असे मी म्हणणार नाही, कारण त्यांच्या बोलण्यातील निम्मा भाग खरा आहे आणि तो निम्मा भागच माणसाला चुकीच्या निर्णयापर्यंत नेतो.

आधी त्यांची बाजू पाहू. पिट किंवा लिफ्ट नसलेल्या गॅरेजमध्ये जमिनीवर पाठ टेकून, तोंडावर माती झेलत आठ-दहा बोल्ट आणि क्लिपा काढायच्या, त्यातले दोन-तीन गंजून फिरत नाहीत, एखादी क्लिप हातात येते, आणि एवढे करून मजुरी मिळते ती फक्त ऑइल बदलल्याची. या हिशेबात कव्हर डिकीत जाते यात नवल नाही. परंतु हा हिशेब मेस्त्रींच्या वेळेचा झाला. गाडीचा हिशेब निराळा आहे.

हे कव्हर म्हणजे दगडापासून वाचवणारी ढाल, अशी सर्वसाधारण समजूत असते. कारखान्यातून येणाऱ्या प्लॅस्टिकच्या कव्हरच्या बाबतीत ती फारशी खरी नाही. मूठभर आकाराचा दगड वेगात आदळला तर दोन-अडीच मिलिमीटरचे प्लॅस्टिक त्याला अडवू शकत नाही. त्याचे खरे काम रोजचे आणि कंटाळवाणे आहे. पुढच्या चाकांनी उडवलेले चिखलपाणी आणि बारीक खडी बेल्ट, अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, सेन्सरच्या वायरींचे जोड आणि चेंबरचा (ऑइल काढण्याचा) नट यांच्यावर बसू न देणे, हे ते काम. आपला गगनबावड्याचा रस्ता पावसाळ्यात कसा असतो हे आपल्याला सांगायला नको. बेल्टवर पाण्यात कालवलेली बारीक माती सतत बसत राहिली की ती पॉलिश पेपरसारखी काम करते. बेल्ट चिरकू लागतो, पुलीचे बेअरिंग आवाज करू लागते, आणि याचा संबंध दोन वर्षांपूर्वी काढून ठेवलेल्या कव्हरशी आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. मेस्त्री ‘काही अडत नाही’ म्हणतात ते याच अर्थाने खरे आहे. उद्या अडत नाही.

दुसरे काम वाऱ्याचे. गाडी वेगात असताना पुढच्या जाळीतून आत आलेली हवा रेडिएटरमधून जाऊन खाली आणि मागे निघून जावी, अशी वाट आखलेली असते. कव्हर हा त्या वाटेचा तळ आहे. तो नसेल तर खालची हवा इंजिनच्या पोकळीत शिरते आणि जाळीतून येणाऱ्या हवेला निघून जाण्यास अडथळा होतो. म्हणून ‘कव्हर काढले की इंजिन थंड राहते’ हे गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारे वाक्य बहुतेक गाड्यांच्या बाबतीत उलटे आहे. सिग्नलला उभ्या गाडीचे काम पंखा करतो, पण तिथेही खालची गरम हवा फिरून पुढे आली की एसी मंद झाल्यासारखा वाटतो. शिवाय गाडीचा तळ सपाट असला की वाऱ्याचा विरोध कमी होतो आणि इंजिनचा आवाज बाहेर कमी पडतो. डिझेलच्या काही गाड्यांत तर कव्हरच्या आतल्या बाजूला आवाज शोषणारा नमद्यासारखा थर मुद्दाम लावलेला असतो.

आता गळतीचा मुद्दा. कव्हर असताना थेंब जमिनीवर पडत नाहीत, ते कव्हरमध्येच जमतात आणि गळती उशिरा कळते, हे अगदी खरे आहे. परंतु गळती ओळखण्याचे साधन जमिनीवरचा डाग नसून ऑइल मोजण्याची पट्टी आहे. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी, सपाट जागेवर ती पट्टी बाहेर काढून पुसा, पुन्हा घाला आणि पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का ते पाहा. याला एक मिनिट लागते. हे एक मिनिट वाचवण्यासाठी इंजिन वर्षभर उघडे ठेवणे म्हणजे दारावर कोण आले हे दिसावे म्हणून दारच काढून ठेवण्यासारखे आहे.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो आपण विचारलेलाही नाही. कव्हर नसलेली गाडी काही आठवडे चालवली तर मोठे नुकसान होत नाही. पूर्ण आवळून बसवलेल्या कव्हरची तर चिंताच नको. धोका आहे तो अर्धवट लावलेल्या कव्हरचा. कव्हरची पुढची कड बंपरच्या आतल्या बाजूस खोचून बसलेली असते, ती वाऱ्याने तिच्या पोटात शिरू नये म्हणूनच. तिथले दोन बोल्ट नसले की कड खाली लोंबते आणि ताशी ऐंशीच्या वेगाला ती सुपासारखा वारा भरून घेते. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजने माझ्या गाडीचे कव्हर आठपैकी चार बोल्टांवर बसवून दिले आणि मीही खाली वाकून पाहिले नाही. कागलच्या अलीकडे महामार्गावर फडफड सुरू झाली. आधी मला बंपरला पिशवी अडकली असावी असे वाटले, मग रस्त्याला घासल्याचा कर्रकर्र आवाज आला, आणि बाजूला थांबेपर्यंत कव्हरचा पुढचा भाग फाटून डाव्या चाकाकडे वळला होता. उरलेला भाग सुतळीने बांधून मी तीसच्या वेगाने कोल्हापूर गाठले. ते चाकाखाली गेले असते तर काय झाले असते, हा विचार मी त्या दिवशी उशिराच केला.

म्हणून आपले कव्हर लावण्यापूर्वी त्याचे बोल्ट आणि क्लिपा मोजा. बहुतेक छोट्या गाड्यांत त्यांना दहा नंबरचा पान्हा लागतो आणि काही जागी प्लॅस्टिकच्या दाबून बसवायच्या क्लिपा असतात. क्लिप एकदा सैल झाली की ती पुन्हा धरत नाही, आणि नवी स्वस्त असते. जिथे बोल्टचा आटा गेला असेल तिथे पत्र्याचा नवा क्लिप-नट बसवता येतो, त्यासाठी लाकडात मारायचा स्क्रू ठोकण्याची गरज नाही. तारेने बांधणे हा घरी पोहोचेपर्यंतचा उपाय आहे. कव्हरची भोके फाटून रुंद झाली असतील तर मागे मोठा वायसर घाला. कव्हरच मधून चिरले असेल, सायलेन्सरच्या पाइपाजवळ वितळले असेल किंवा नमद्याचा थर ऑइलने चिंब झाला असेल, तर मात्र ते लावू नका. ऑइल प्यायलेला नमदा गरम पाइपाजवळ असणे ही आगीला आयती जागा आहे. अशा वेळी नवे कव्हर येईपर्यंत गाडी उघडी चालवलेली बरी.

पुढच्या वेळी ऑइल बदलताना तिथे उभे राहता आले तर एक क्रम पाळायला सांगा. ऑइल निथळल्यावर चेंबरच्या नटाला नवा वायसर घालून नट आवळावा. वायसर अ‍ॅल्युमिनियमचा किंवा तांब्याचा असतो आणि दाबला जाऊन सील करतो, म्हणून जुना पुन्हा वापरणे ही गळतीची सुरुवात ठरू शकते. नट किती आवळावा याचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. छोट्या गाड्यांत तो साधारण 25 ते 40 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, म्हणजे वीतभर लांबीच्या पान्ह्याच्या टोकाला साधारण बारा ते अठरा किलोंचा जोर. पान्ह्याला पाइप लावून दोघांनी ओढण्याचे हे काम नव्हे. अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे अशाने निघतात आणि मग खर्च चेंबरचा होतो. फिल्टर बसवून नवे ऑइल घातल्यावर इंजिन दोन-तीन मिनिटे चालू ठेवून नट आणि फिल्टरची कड कोरड्या फडक्याने पुसून पाहावी, आणि ती कोरडी राहिली तरच कव्हर चढवावे. गळती पाहण्याची मेस्त्रींना हवी असलेली संधी हीच आहे. ती वर्षातून एकदा, दहा हजार किलोमीटरला एकदा अशी मिळते आणि पुरते.

कव्हर उतरवले की त्याच्या पोटात काय आहे तेही पाहावे. आपल्या जिल्ह्यात ऊस तोडणीच्या दिवसांत शेतरस्त्याने गेलेल्या गाडीत उसाचे वाळलेले पाचट अडकलेले हमखास सापडते. ते सायलेन्सरच्या पाइपाजवळ राहणे बरे नाही. एकदा एका गाडीच्या कव्हरवर पाचटाच्या गादीवर उंदराने केलेले चिंध्यांचे घर सापडले होते, आणि त्याच्या शेजारी वर्षभरापूर्वी हरवलेला दहा नंबरचा पान्हा. मेस्त्रींना उंदरापेक्षा पान्ह्याचा आनंद अधिक झाला.

प्रश्न : आमची शेती शिरोळ तालुक्यात आहे. मळ्याच्या रस्त्यावर गाडी खाली घासते, म्हणून प्लॅस्टिकचे कव्हर काढून उद्यमनगरातून लोखंडी पत्र्याचे गार्ड करून घ्यावे असा विचार आहे. पत्रा किती जाडीचा घ्यावा? दरवेळी ऑइल बदलताना ते काढावे लागेल का?
— एक वाचक, शिरोळ

उत्तर : आपला विचार योग्य आहे. मळ्याच्या रस्त्यावर दोन चाकोऱ्यांच्या मध्ये वाळलेल्या काळ्या मातीचा जो कणा उभा राहतो तो दगडाइतकाच कठीण असतो, आणि तिथे प्लॅस्टिक टिकत नाही. चेंबर लोखंडी पत्र्याचा असेल तर तो चेपतो आणि अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर तडकतो. यांपैकी चेपण्याला लोक किरकोळ समजतात. परंतु चेंबरच्या तळापासून थोड्याच अंतरावर ऑइल ओढणाऱ्या नळीची जाळी असते. तळ आत गेला की जाळीचे तोंड अरुंद होते, इंजिनला ऑइल कमी पडते आणि बाहेर एक थेंबही गळत नाही. ऑइलचा दिवा लागेपर्यंत काहीच कळत नाही.

जाडीचा हिशेब वजनावरून करा. एक चौरस मीटर लोखंडी पत्र्याचे वजन दर मिलिमीटर जाडीमागे सुमारे 7.85 किलो भरते. 70 सेंटिमीटर बाय 60 सेंटिमीटरचा तुकडा 2 मिलिमीटरचा घेतला तर साडेसहा किलो आणि 3 मिलिमीटरचा घेतला तर जवळपास दहा किलो होतो. पट्ट्या आणि बोल्ट वेगळे. छोट्या गाडीला 2 मिलिमीटरचा पत्रा कडेला वाकवून आणि मध्ये खोबणीच्या रेघा दाबून घेतला तर तो सपाट 3 मिलिमीटरच्या पत्र्यापेक्षा ताठ बसतो. उद्यमनगरातील कारागिरांना हे शिकवावे लागत नाही. कागदाचा नमुना कापून दिला की ते पत्रा वाकवून देतात. सांगावे लागते ते इतकेच की गार्ड सबफ्रेमवर (इंजिनखालच्या लोखंडी सांगाड्यावर) कारखान्याने ठेवलेल्या भोकांतच बसले पाहिजे, त्यासाठी गाडीत नवी भोके पाडू नयेत आणि चेंबरचा आधार तर मुळीच घेऊ नये.

गार्ड आणि चेंबर यांच्यामध्ये किमान दोन बोटे मोकळी जागा ठेवा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते आणि गिअर टाकताना, ब्रेक मारताना ते हलते. गार्ड चिकटून असेल तर गाडीत धडधड येते, आणि खालून बसलेला तडाखा गार्ड थेट चेंबरला पोहोचवते. मग गार्ड असून नसल्यासारखे. हवेसाठी मागच्या बाजूस फटी हव्यात. सलग बंद पत्रा लावल्यावर चढावर इंजिन तापल्याची तक्रार येते ती यामुळेच. नटाच्या बरोबर खाली चार बोटे रुंद भोक आणि फिल्टर खालून निघत असेल तर त्याच्याही खाली एक भोक ठेवले की ऑइल बदलताना गार्ड काढावे लागणार नाही. तरी वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, ते उतरवाच. काळी माती आत साचून वाळली की तिचेच वजन दोन-तीन किलो होते, ती ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून गंजतो. रंग दोन्ही बाजूंनी द्यायला सांगा. बाहेरून चकचकीत आणि आतून कोरे असे गार्ड मी पुष्कळ पाहिले आहेत.

एक गोष्ट आणखी. गार्डमुळे गाडीची जमिनीपासूनची उंची एक-दोन सेंटिमीटरने कमी होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे केलेला गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, आणि त्यावरून कोणतीही छोटी गाडी न घासता जाते. पण गावोगावी रात्रीतून उगवणारे गतिरोधक कोणत्याच मापाचे नसतात. तिथे तिरकस काढलेली गाडी गार्डपेक्षा उपयोगी.

प्रश्न : ऑइल बदलून चार दिवस झाले तरी गाडीखाली ऑइलचे थेंब पडतात. पन्हाळ्याला जाऊन आलो त्या रात्री तर हाताच्या पंजाएवढा डाग पडला. कव्हर लावलेले आहे. नट सैल राहिला असेल का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : तसे असू शकते, पण पन्हाळ्याचा उल्लेख वाचून मला दुसरी शंका अधिक वाटते. आपल्या गाडीच्या कव्हरला नटाजवळ झडप असेल आणि मेस्त्रींनी सगळे कव्हर न उतरवता त्या झडपेतून काम केले असेल, तर फिल्टर सोडवताना सांडलेले अर्धी वाटी ऑइल कव्हरच्या आतच राहिले असणार. सपाट रस्त्यावर ते तिथेच बसते, घाटाच्या चढाला मागच्या कडेकडे वाहते आणि घरी आल्यावर थेंब-थेंब टपकते.

याची खात्री करणे सोपे आहे. सकाळी पट्टीवरची पातळी पाहून ठेवा, रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा आणि असे तीन दिवस करा. पातळी हलत नाही आणि डाग रोज लहान होतो, तर ते सांडलेले ऑइल आहे. कव्हर उतरवून साबणाच्या पाण्याने धुतले की काम झाले. पातळी उतरत असेल किंवा डाग तेवढाच राहत असेल, तर गाडी तशीच गॅरेजला न्या आणि कव्हर पूर्ण काढूनच तपासायला लावा. डाग ऑइलचाच आहे ना, हेही एकदा बोट लावून पाहा. पुठ्ठ्यावर नुसते स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचे आहे आणि त्याची काळजी नको. हिरवट किंवा गुलाबी रंग असेल तर ते कूलंट आहे, म्हणजे विषय वेगळा आणि अधिक घाईचा.

प्रश्न : खालचे कव्हर नीट असेल तर साचलेल्या पाण्यातून गाडी काढता येते, असे ऐकले. खरे आहे का?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : नाही. कव्हर शिंतोडे अडवते, पाणी नव्हे. त्याच्या कडा आणि भोके उघडी असतात आणि पाण्याची पातळी कव्हरच्या वर गेली की आतही तेवढेच पाणी असते. इंजिनचे खरे नुकसान होते ते हवा ओढणाऱ्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेल्यावर, कारण पाणी हवेसारखे दाबले जात नाही आणि पिस्टनचा दांडा वाकतो. ती नळी वर, जाळीच्या आसपास असते आणि कव्हरचा तिच्याशी संबंध नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून ती 43 फुटांच्या धोका पातळीकडे निघाली असेल, तर गाडी घरीच ठेवा, कव्हर कितीही नवे असो. पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ढकलून बाहेर काढा. अशा वेळी झालेले इंजिनचे नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा धरले जात नाही आणि त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते, म्हणून आपली पॉलिसी पावसाळ्याआधी एकदा उघडून वाचा.

पुराचे पाणी ओसरल्यावर मात्र कव्हरची आठवण ठेवा. त्याच्या आत बसलेला गाळ ओला असतानाच पाण्याने निघतो. वाळल्यावर त्याला खरवडावे लागते.